नदी तीच, नियम मात्र नवे

अनंत चतुर्दशीची सायंकाळ. ढोलताशांचा गजर नदीकाठापर्यंत येऊन पोहोचलेला, गुलालाने आसमंत रंगून गेलेला, आरतीच्या तबकांतील ज्योती वाऱ्यावर थरथरत असलेल्या. दहा दिवस घरचाच होऊन राहिलेला गणराय आता निरोप घेणार, म्हणून आबालवृद्धांचे डोळे पाणावलेले असतात. अशा या गर्दीत, घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर, एखादा मनुष्य निराळ्याच कामात गुंतलेला दृष्टीस पडतो. त्याच्या एका हाती दोरी बांधलेली बाटली असते, दुसऱ्या हाती वही आणि पायाशी बर्फाने भरलेली पेटी. तो पाण्यात बाटली सोडतो, भरून वर घेतो, तिच्यावर चिठ्ठी डकवितो आणि वेळ टिपून ठेवतो. भाविकांपैकी कोणी त्याला पालिकेचा माणूस समजतो, तर कोणी उत्सवात विघ्न आणणारा म्हणून त्याच्याकडे रोखून पाहतो. त्याच्याही घरी गणपती बसलेला असू शकतो आणि त्या गणपतीला निरोप देताना घरचा हा माणूस हजर नसतो, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी येते.

गणेशोत्सवाच्या या विशेष पानावर आज आम्ही या माणसाविषयी लिहावयाचे योजिले आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्षेत्र अधिकारी, प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ, महापालिकेचा पर्यावरण अभियंता, ध्वनिमापक घेऊन चौकात उभा राहणारा निरीक्षक, अशी ही सारी मंडळी. त्यांचा व्यवसाय निसर्गाच्या मोजमापाचा. परंतु त्यांना आज्ञा मिळते ती कायद्याची. निसर्ग आपल्या गतीने चालतो आणि कायदा आपल्या गतीने बदलतो. या दोहोंच्या मधोमध उभे राहून काम करणे म्हणजे काय, हे आपल्या उत्सवाइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच दिसते.

पार्थिव म्हणजे काय?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपण पूजितो तो पार्थिव गणेश. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. मृत्तिकेची मूर्ती घडवावी, तिच्या ठायी प्राणप्रतिष्ठा करावी, यथाशक्ती षोडशोपचारे पूजा करावी आणि उत्तरपूजेनंतर ती जलाशयात विसर्जित करावी, असा हा क्रम आहे. अक्षता वाहून मूर्ती किंचित हलविली की देवता स्वस्थानी गेली असे आपण मानतो. मागे उरते ती माती, आणि ती माती पाण्यात मिसळून पुन्हा माती होते. विसर्जनाचा सारा अर्थ या परत जाण्यात आहे.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र अशी परत जात नाही. जिप्सम नावाचे खनिज सुमारे दीडशे अंश सेल्सियसपर्यंत तापविले की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते व पांढरी भुकटी उरते. त्या भुकटीत पाणी कालविताच ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. साच्यात झटपट तयार होणारी, हलकी, गुळगुळीत आणि स्वस्त अशी ही मूर्ती घरोघर पोहोचली, यात नवल नाही. परंतु एक लिटर पाण्यात हे खनिज जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास विरघळते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर, किंवा पाणी ओसरल्यावर नदीपात्रात, जे दृश्य दिसते ते कोणत्याही श्रद्धावंताला पाहवत नाही. ज्या हातांनी काल मोदकांचा नैवेद्य दाखविला, त्याच हातांनी निरोप दिलेल्या मूर्तीचे ते भग्न अवशेष असतात. त्याखेरीज काही भडक रंगांमध्ये शिसे, क्रोमियम यांसारख्या धातूंची संयुगे असतात, ती निराळीच. धर्मशास्त्राने माती सांगितली आणि रसायनशास्त्रानेही मातीकडेच बोट दाखविले, असा हा दुर्मिळ योग आहे.

कारखान्यांसाठी घडलेला कायदा

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ साली केला आणि त्यानुसार १९७० साली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ साली आला, तो आपल्या राज्याने १९८१ साली स्वीकारला. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या भीषण वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला. हे सारे कायदे प्रामुख्याने कारखान्याचे सांडपाणी आणि धूर डोळ्यांसमोर ठेवून घडविलेले आहेत. कारखान्याला मालक असतो, सांडपाण्याला नळ असतो. अधिकाऱ्याने मालकास सूचना द्यावी, नमुना घ्यावा, त्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावेत, उभयतांनी त्यावर सह्या कराव्यात, अशी रीत १९७४ च्या अधिनियमाने घालून दिली.

विसर्जनाच्या घाटावर ही रीत कशी चालावी? तेथे ना मालक, ना नळ. लक्षावधी भाविक, प्रत्येकाच्या हाती एकेक मूर्ती, आणि कोणाच्याही मनात प्रदूषणाचा विचार नाही, केवळ भक्ती आहे. कोणास सूचना द्यावी आणि कोणाची सही घ्यावी? म्हणून येथे अधिकाऱ्याचे काम खटला भरण्याचे न राहता पाहणीचे झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे २०१० साली काढली व पाण्याची तपासणी तीन टप्प्यांत व्हावी असे सांगितले: विसर्जनापूर्वी, विसर्जनाच्या वेळी आणि विसर्जनानंतर. पाण्याचा सामू, गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, विरघळलेले क्षार आणि शिसे, क्रोमियम, जस्त, तांबे यांसारखे धातू त्यांत मोजावयाचे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. विरघळलेल्या प्राणवायूचा नमुना घाटावरच रसायने घालून स्थिर करावा लागतो. उशीर झाला तर आकडा बदलतो. प्राणवायूच्या मागणीची बाटली प्रयोगशाळेत सत्तावीस अंशांवर तीन दिवस ठेवावी लागते. म्हणजे अनंत चतुर्दशीच्या रात्री घेतलेल्या नमुन्याचे उत्तर पितृपक्ष सुरू झाल्यावर हाती येते. आणि एका वर्षाच्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या वर्षी पाऊस किती पडला, धरणातून पाणी किती सोडले, शहराचे सांडपाणी किती मिसळले, या सर्वांचा परिणाम त्यात मिसळलेला असतो. म्हणून त्याच ठिकाणी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे मोजीत राहावे लागते. व्रतस्थाने एकच व्रत अखंड चालवावे, तसेच हे आहे.

प्रोत्साहन, मनाई, सल्ला

परंतु हे व्रत चालविताना पायाखालची भूमी स्थिर असावी लागते. २०१० च्या तत्त्वांत एक मोठी अर्थपूर्ण गोष्ट होती. मूर्ती धर्मग्रंथांत वर्णिलेल्या नैसर्गिक पदार्थांची असावी आणि पारंपरिक मातीच्या वापरास प्रोत्साहन द्यावे, असे त्यांत म्हटले होते. शासकीय कागदाने धर्मग्रंथाचा आधार घ्यावा, हे विरळाच. मात्र त्यातील शब्द ‘प्रोत्साहन’ हा होता. प्रोत्साहन म्हटले की अधिकाऱ्याने शाळांत जावे, मंडळांच्या बैठकांत बोलावे, मूर्तिकारांना समजवावे. त्याच्या हाती विनवणीपलीकडे काही नाही.

पुढे १२ मे २०२० रोजी सुधारित तत्त्वे आली आणि ‘प्रोत्साहन’ जाऊन त्या जागी ‘मनाई’ आली. प्लॅस्टरच्या मूर्तीच नकोत, असा त्यांचा आशय होता. विनवणी करणारा अधिकारी एका रात्रीत रोखणारा झाला. परंतु कार्यशाळांतून त्या वर्षीच्या मूर्ती तोवर मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या होत्या, त्यातच महामारीची टाळेबंदी चालू होती. मूर्तिकारांची अडचण ध्यानात घेऊन केंद्र शासनाने अवघ्या काही दिवसांत, त्याच मे महिन्यात, ही मनाई एक वर्ष पुढे ढकलली. ज्याने आठवड्यापूर्वी मूर्तिकाराच्या दारी मनाईची वार्ता नेली, त्यालाच पुन्हा जाऊन स्थगिती सांगावी लागली असेल, तर त्याच्या तिसऱ्या शब्दावर त्या कारागिराने विश्वास तरी का ठेवावा?

खरी कसोटी लागली ती २०२५ साली. माघी गणेशोत्सव दोन दिवसांवर आला असता, ३० जानेवारी रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मनाईची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील काही मंडळांच्या माघी मूर्तींचे विसर्जन त्यानंतर महिनोन्महिने रखडले. पुढे डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला आणि केंद्रीय मंडळाने आपली तत्त्वे सल्लावजा असल्याचे सांगितले. ९ जून रोजी न्यायालयाने प्लॅस्टरच्या मूर्ती घडविण्यास मोकळीक दिली, परंतु नैसर्गिक जलाशयात त्यांचे विसर्जन परवानगीवाचून होऊ नये असे बजावले. त्यानंतर २४ जुलैच्या आदेशाने, मार्च २०२६ पर्यंतच्या उत्सवांसाठी, सहा फुटांपर्यंतच्या प्लॅस्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचे बंधन घातले. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. म्हणजे हाती जेमतेम एक महिना उरला होता.

एका महिन्यात काय काय करावयाचे, याचा विचार वाचकांनी क्षणभर करावा. किती मूर्ती सहा फुटांच्या आतील असतील, त्यांना किती तलाव लागतील, ते कोठे खणावयाचे, त्यांच्या तळाशी अस्तर कोणते घालावयाचे, साचलेला गाळ किती दिवसांत उपसावयाचा व कोठे न्यावयाचा, वरचे पाणी सोडण्यापूर्वी ते कोणी तपासावयाचे? पूर्वी ज्याचे काम पाणी बिघडल्यानंतर ते मोजण्याचे होते, त्याला आता पाणी बिघडूच नये अशी व्यवस्था आधीच उभी करावी लागली. ‘प्रोत्साहन’, ‘मनाई’ आणि ‘सल्ला’ हे तीन शब्द कागदावर किती लहान दिसतात! परंतु एकेका शब्दासरशी या मंडळींचे कर्तव्य, अधिकार आणि लोकांच्या नजरेतील स्थान, तिन्ही बदलत गेले.

रुग्णालयाच्या दारातील आकडा

जी गोष्ट पाण्याची, तीच नादाची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा घातली. रात्र म्हणजे दहा ते सहा. २००२ च्या दुरुस्तीने सणावारी, वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकाची सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर निराळ्या घोषणेवाचूनही शांतता क्षेत्रच होय, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली लावला. परंतु १० ऑगस्ट २०१७ रोजी, चतुर्थीच्या अवघ्या पंधरवडाभर आधी, केंद्राने नियमच दुरुस्त केला: राज्य शासनाने अधिसूचित केल्यावाचून कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही.

आता समजा, एखाद्या निवासी वस्तीतील रुग्णालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या निरीक्षकाने दिवसा ५३ डेसिबल मोजले. शांतता क्षेत्र असेल तर मर्यादाभंग झाला. नसेल तर सारे काही नियमात आहे. यंत्र तेच, जागा तीच, आकडा तोच, आणि आत खाटेवर पडलेल्या रुग्णाचे कानही तेच. बदलला तो केवळ आकड्याचा अर्थ. मोजणाऱ्याने कोणता अहवाल लिहावा? प्रामाणिक माणसाने येथे एकच करावे, आणि आमच्या मते तेच त्याचे धर्मकर्तव्य होय: आकडा जसा आहे तसा लिहावा. त्याचा अर्थ लावण्याचे काम विधिमंडळ व न्यायालय करील. परंतु आकडाच जर वाकला, तर अर्थ लावावयास काही उरतच नाही.

बदल वाईट नव्हे, अवेळी बदल वाईट

यावरून कोणी असा ग्रह करून घेऊ नये की कायद्याने बदलूच नये. ज्ञान वाढते तसा नियम सुधारलाच पाहिजे. किंबहुना घाटावरच्या त्या बाटल्यांतून निघालेले आकडेच पुढे नियमांना आधार देतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लॅस्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळविण्याची रीत शोधून काढली. तीत मूर्तीचे रूपांतर खत म्हणून उपयोगी पडणाऱ्या अमोनियम सल्फेटात व कॅल्शियम कार्बोनेटात होते. ही रीत पुणेकरांच्या परिचयाची आहे. अशी वाट सापडली की नियमालाही नवी दिशा मिळते.

शिक्षेचे स्वरूपही बदलत आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने १९८६ च्या पर्यावरण अधिनियमातील कारावासाच्या बहुतेक तरतुदी काढून त्याऐवजी दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. तो बदल १ एप्रिल २०२४ पासून अमलात आला. फौजदारी न्यायालयापुढे ठेवावयाचा पुरावा आता निर्णयाधिकाऱ्यापुढे ठेवावयाचा. २०२५ च्या उत्सवातच, २९ ऑगस्ट रोजी, केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम जाहीर केले. शासकीय अधिकाऱ्यांच्या जोडीला नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षकही तपासणी करतील, अशी ती योजना. या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणांना त्यामुळे नवे दार उघडले. त्याबरोबरच ज्याची तपासणी करावयाची त्याच्या प्रभावापासून अलिप्त राहण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

आमची तक्रार बदलाविषयी नसून बदलाच्या वेळेविषयी आहे. मूर्तिकाराचा हंगाम चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी सुरू होतो. पेणसारख्या गावी बारमाही मूर्ती घडतात. माती मागवावयाची तर तीही आधीच. पंचांगकर्ते वर्षभर आधी तिथी सांगतात. मग नियम सांगणाऱ्यांना ते का साधू नये? विसर्जन संपताच पुढील वर्षीचा नियम जाहीर व्हावा आणि तो मधेच हलू नये. असे झाले तर कारागिराला तयारीस अवधी मिळेल, अभियंत्याला तलाव नीट बांधता येतील आणि नमुने घेणाऱ्याच्या शब्दाला वजन येईल. यात देवाचाही मान राहील. कारण एकदा प्रतिष्ठापना झालेली मूर्ती नियमाच्या वादात अडकून महिनोन्महिने तिष्ठत राहणे, याहून मोठी अवहेलना ती कोणती?

गृहस्थांचा वाटा

नियम होईल तेव्हा होवो. गृहस्थाला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. मूर्ती ठरवितानाच ती शाडूची की प्लॅस्टरची, हे मूर्तिकाराला विचारावे आणि मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी, म्हणजे त्यालाही मातीची सोय करता येते. मूर्ती लहान असावी. दूर्वा, पत्री, हार, वस्त्रे व मखराचे सामान पाण्यात सोडू नये. निर्माल्य कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते आणि तळ्यातील मासे त्याने गुदमरतात. शाडूची माती निर्दोष आहे असेही समजू नये. लक्षावधी मूर्तींची माती एकाच उथळ डोहात पडली तर तोही गाळाने भरतो. म्हणून घरच्या घरी बादलीत वा घंगाळात विसर्जन करून ती माती तुळशीवृंदावनात किंवा पुढील वर्षीच्या मूर्तीसाठी द्यावी. पार्थिवाचा पृथ्वीशी योग याहून सुंदर कसा घडावा?

आणि एक विनंती. घाटावर तो बाटलीवाला मनुष्य दिसला तर त्याला वाट द्यावी, जमल्यास प्रसादही द्यावा. विसर्जनाच्या रात्री तो आपणांस दिसतो. परंतु तिसऱ्या टप्प्याच्या नमुन्यासाठी तो पुन्हा येतो, तेव्हा घाटावर कोणी नसते. मंडप उतरलेले असतात, गुलाल धुऊन गेलेला असतो, ढोल खुंटीला लागलेले असतात. तो त्याच पायरीवर उतरतो, तशीच बाटली सोडतो आणि वेळ लिहून ठेवतो. त्या वर्षीचा नियम कोणताही असो, नदीने काय सोसले याची नोंद तेवढ्या एका वहीत राहते. आपण गणरायाला पुढल्या वर्षी लवकर यावयास सांगतो. तो येईल तेव्हा त्याला निरोप देण्याजोगे पाणी उरले आहे की नाही, हे आपणांस त्या वहीवरूनच कळावयाचे आहे.